विश्वविजेती मानसी आणि आपल्या गावातलं मैदान

ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात पी. व्ही. सिंधू विश्वविजेती झाली आणि देशभर जल्लोष झाला. त्याच शहरात, त्याच आठवड्यात मुंबईच्या मानसी जोशीनेही पॅरा-बॅडमिंटनमधलं जागतिक सुवर्णपदक पटकावलं होतं. अंतिम सामन्यात तिने गतविजेत्या पारुल परमारला २१-१२, २१-७ असं सरळ हरवलं. ही बातमी मात्र बऱ्याच जणांपर्यंत उशिरा पोहोचली.

मानसी वाढली अणुशक्तिनगरात. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला, आणि लहानपणी हातात रॅकेट आली तीही त्यांच्यामुळेच. सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ती सॉफ्टवेअर कंपनीत लागली. २ डिसेंबर २०११ रोजी दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकखाली तिचा डावा पाय चिरडला. डॉक्टरांनी तो वाचवण्याची शिकस्त केली, पण शेवटी कापावा लागला. कृत्रिम पायावर चालायला शिकताना ती पुन्हा बॅडमिंटनकडे वळली आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचं रौप्यपदक घेऊन आली. २०१७ मध्ये एकेरीत कांस्य मिळालं. २०१८ मध्ये ती हैदराबादला पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीत दाखल झाली.

अशा गोष्टी आपण जिद्दीपाशी संपवतो. जिद्द हवीच, पण तेवढ्यावर पदक मिळत नाही. पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे गट त्यांच्या अपंगत्वाच्या स्वरूपावरून ठरतात. व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांचे दोन गट आहेत, पायांच्या अपंगत्वाचे दोन, हाताच्या अपंगत्वाचा एक आणि कमी उंचीच्या खेळाडूंचा एक. मानसी पायांच्या अपंगत्वाच्या एसएल-३ गटात खेळते. या गटातली एकेरी अर्ध्या कोर्टावर होते. जाळ्याची उंची तीच आणि कोर्टाची लांबीही तीच, रुंदी मात्र निम्मी. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला डावी-उजवीकडे पळवण्याला फारसा वाव नसतो. शटल कधी जाळ्यापाशी अलगद टाकायचं, कधी उंच मारून मागच्या रेषेपर्यंत न्यायचं, अशी सारी लढाई पुढे-मागे चालते. प्रत्येक वेळी थांबून उलट्या दिशेला वळायचं असतं, आणि तो सगळा भार कृत्रिम पायालाही पेलावा लागतो.

पायाचा उरलेला भाग कृत्रिम पायाच्या ज्या पोकळ भागात बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. त्या उरलेल्या भागाचा आकार काळानुसार बदलतो. सॉकेट सैल झालं की तोल जातो, घट्ट झालं की कातडी सोलवटते, आणि घामाने त्यात भर पडते. मानसी पाच वर्षं एकच सॉकेट वापरत होती. ते बदलल्यावर व्यायामाचा वेग वाढला, असं तिने बासेलच्या विजयानंतर सांगितलं होतं. दिवसाला तीन सत्रांचा सराव, योग्य मार्गदर्शक आणि मापाचा कृत्रिम पाय या तिन्हींचा मेळ बसला, तेव्हा ते सुवर्ण हाती आलं.

एवढं होऊनही टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तिच्या गटाची महिला एकेरी नव्हतीच. बॅडमिंटन तिथे पहिल्यांदाच खेळलं गेलं आणि भारताने चार पदकं मिळवली, पण विश्वविजेतीला एकेरीत उतरायला जागा नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘टाइम’च्या आशियाई मुखपृष्ठावर ती झळकली, मार्च २०२२ मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरली आणि त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. पॅरिसला, २०२४ मध्ये, तिचा गट अखेर आला. तोवर बासेलच्या विजयाला पाच वर्षं उलटली होती. तिथे ती गटसाखळीतच बाहेर पडली.

सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला पॅरा-बॅडमिंटनपटू सुकांत कदम याच्या गुडघ्याला लहानपणी क्रिकेट खेळताना गंभीर दुखापत झाली. पुढे पुण्यात प्रशिक्षक निखिल कानेटकर यांच्याकडे तो घडला आणि पॅरिसला चौथा आला. म्हणजे खेडं आडवं येत नाही. प्रशिक्षकापर्यंतची वाट मात्र कुणीतरी दाखवावी लागते.

आपल्या बुलढाण्यासाठी हे सगळं महत्त्वाचं आहे. याच जिल्ह्यातल्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात माइक श्लोसरसारख्या दिग्गजाला हरवून तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. गुणवत्ता इथे आहेच. दिव्यांग मुलांपर्यंत मात्र खेळ पोहोचायला हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला त्यांचा सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. तरी पीटीच्या तासाला अशा मुलाला ‘तू वर्गात बस’ असं प्रेमानेच सांगितलं जातं, आणि त्या प्रेमानेच त्याचं मैदान सुटतं.

म्हणून खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या शिक्षकांना आणि संस्थाचालकांना एवढीच विनंती आहे. या दिवाळीनंतर शाळा उघडल्या की आपल्या शाळेतल्या दिव्यांग मुलामुलींना मैदानावर घेऊन या. क्रीडासंकुलाच्या पायऱ्यांशेजारी उतार आणि दिव्यांगांना वापरता येईल असं स्वच्छतागृह मागा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाऊन पॅरा स्पर्धांची माहिती घ्या. विश्वविजेता घडेल न घडेल, पण खेळणं हा त्या मुलांचा हक्क आहे.