पुढचा शॉट कुणाचा?

गारखेडा परिसरातल्या एका मैदानावर परवा संध्याकाळी कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा सराव सामना पाहत उभा होतो. एका संघात उंच, डावखुरी मुलगी होती. चेंडू हातात आला की बास्केट होणारच, असा तिचा हात. पहिली दहा मिनिटं तिने एकटीने किल्ला लढवला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्या दोघी तिच्या अंगावरच येऊन उभ्या राहू लागल्या. कठड्यावर बसलेली पोरं मात्र ओरडतच होती, "तिलाच दे, तिलाच दे!" चेंडू तिलाच मिळत होता आणि रिंगला आपटून परत येत होता. त्यांच्या सरांचा आवाज वेगळंच सांगत होता, "अगं, ती कोपऱ्यात मोकळी आहे. तिच्याकडे बघ की!"

त्या मोकळ्या मुलीचा हात डावखुरीइतका चांगला नाही, हे सरांनाही माहीत होतं. तरीही सर बरोबर होते. त्यामागचं गणित इतकं सुंदर आहे की ते कागदावर मांडून बघावं.

बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अमेरिकी अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी एक साधी गोष्ट मांडली. खेळाडू जितके जास्त शॉट मारू लागतो, तितकं त्याचं यशाचं प्रमाण घसरत जातं. ते साहजिकच आहे. थोडेच शॉट मारायचे असतील तर माणूस हमखास जागा निवडतो. जास्त मारायचे झाले की अवघड जागाही घ्याव्या लागतात, शिवाय समोरच्या संघालाही कळतं की चेंडू कुणाकडे जाणार. म्हणजे एखाद्याची सरासरी पन्नास टक्के असली, तरी त्याचा पुढचा शॉट पन्नास टक्क्यांचा असेलच असं नाही.

आता कल्पनेतला एक संघ घेऊ. त्यात एक हुकमी खेळाडू आहे. अगदी मोजके शॉट मारले तर त्याचे शंभरातले ६० आत जातात. संघाचे सगळेच शॉट त्याने मारले तर प्रमाण सरळ रेषेत घसरत ४० वर येतं. बाकीचे साधे, शंभरात ४४ वाले. संघाला एकूण १०० शॉट मिळणार आहेत.

सगळे शंभर हुकमी खेळाडूने मारले, तर ४० बास्केट. हे चुकीचं आहे, हे कुणालाही कळेल. मग शहाणा कर्णधार म्हणेल की तो बाकीच्यांपेक्षा सरस आहे तोवर त्यालाच देऊ, बरोबरीला आला की थांबू. ही बरोबरी ८० शॉटला होते. तिथे त्याचं प्रमाण घसरून ४४ वर आलेलं असतं, म्हणजे संघाच्या एकूण बास्केट ४४. पण त्याला फक्त ४० शॉट दिले तर? मग तो ५२ टक्क्यांनी खेळतो. त्याच्या सुमारे २१ बास्केट, बाकीच्यांच्या ६० शॉटमधून सुमारे २६. एकूण ४७. खेळाडू तेच, शॉटही तेवढेच, आणि तीन बास्केट जास्त. सहा गुणांनी फायनलचा निकाल फिरतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. वाटणी सर्वांत चांगली असते तेव्हा हुकमी खेळाडू ५२ टक्क्यांवर असतो आणि बाकीचे ४४ वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा इतका चांगला खेळतोय तर याला आणखी का देत नाहीत? ओरडणाऱ्या पोरांचं चुकतं ते इथेच. त्याला आणखी दिलं की त्याचा फक्त तेवढा एक शॉट बिघडत नाही, त्याचे सगळेच शॉट थोडे थोडे महाग होत जातात.

२०१० मध्ये ब्रायन स्किनर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने हे कोडं रस्त्यावरच्या वाहतुकीशी जोडलं. आपल्याला ते समजायला जालना रोड पुरेसा आहे. पैठण रोडच्या बाजूने चिकलठाण्याला जायचं तर शहरातून जालना रोडने जा, नाहीतर बीड बायपासने केंब्रिज चौकात निघा. जालना रोड मोकळा असला तर तोच बरा. म्हणून प्रत्येक जण तोच धरतो आणि सेव्हन हिल्सपाशी तुंबतो. बायपासला जितका वेळ लागतो तितकाच इथेही लागू लागला की मग लोक बायपासकडे वळतात. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणा केला, पण चांगल्या रस्त्याचा चांगुलपणा सगळ्यांनी मिळून संपवला. जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये याच्याही पुढची गोष्ट सिद्ध केली. रस्त्यांच्या काही जाळ्यांत नवा रस्ता जोडला तर सगळ्यांचाच प्रवास लांबतो. स्किनरच्या मते हुकमी खेळाडू हा संघातला असाच प्रशस्त रस्ता. रे ॲलन या अमेरिकी खेळाडूच्या आकडेवारीवर त्याने हिशेब केला, आणि ॲलनने आहे त्याहून कमी शॉट मारावेत असं उत्तर आलं.

मग संघात दोन हुकमी असले तर? १३ जून २०१६. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना. क्लीव्हलँड १-३ ने मागे, हरले की संपलं. त्या रात्री लेब्रॉन जेम्सचे ४१ गुण आणि काइरी अर्विंगचेही ४१. अंतिम मालिकेच्या एकाच सामन्यात एकाच संघातल्या दोघांनी चाळिशी ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. संघाच्या ११२ गुणांपैकी ८२ या दोघांचे. अर्विंगने २४ पैकी १७ शॉट आत टाकले, जेम्सने ३० पैकी १६. समोरच्या गोल्डन स्टेटचा खंदा बचावपटू ड्रेमंड ग्रीन निलंबनामुळे त्या दिवशी बाहेर होता, हेही सांगायला हवं. पण मुद्दा उरतोच. बचावाला पाचच माणसं असतात. एकावर दोघे सोडले की उरलेल्या चौघांना तिघांनी आवरायचं. त्या चौघांत अर्विंग असेल तर त्याच्यावर सोडायला आणखी एक बचावपटू कुठून काढणार? क्लीव्हलँडने ती मालिका ४-३ ने जिंकली. शेवटच्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना, ५३ सेकंद उरलेले असताना निर्णायक थ्री-पॉइंटर मारला तो अर्विंगने.

वाटणीला शरीराचंही एक कारण आहे. उडी, झेप, झटक्यात दिशा बदलणं, हे सगळं स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनवर चालतं. हा साठा दहाएक सेकंदांच्या जोरात बराचसा संपतो. विश्रांती मिळाली की निम्मा अर्ध्या मिनिटात भरून येतो, पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. जोडीदाराने चेंडू सांभाळला, तर तेवढ्या वेळात हुकमी खेळाडू कोपऱ्यात उभा राहून निम्मं इंधन भरून घेतो.

आणि दमलेल्या पायांची किंमत मोजता येते. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांनी खाली उतरला तर त्याच्या वाटेतून रिंग ३२ सेंटिमीटर रुंद दिसते, म्हणजे बऱ्यापैकी मोकळी जागा. पाय दमले की उडी कमी पडते आणि शॉट सपाट जातो. ३० अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला रिंग साडेबावीस सेंटिमीटरच दिसते. चेंडू त्याहून मोठा! म्हणजे कडेला न शिवता तो आत जाणं शक्यच नाही. त्या डावखुरीचा चेंडू दुसऱ्या क्वार्टरमध्ये रिंगच्या पुढच्या कडेवर आपटत होता, तो उगाच नाही.

असं ओझं वाटून घेण्याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण क्रिकेटमध्ये सापडतं. पैठणचा अंकित बावणे. ऑक्टोबर २०१६, वानखेडेवर रणजी करंडकाचा सामना, समोर दिल्ली. महाराष्ट्र २ बाद ४१ असताना बावणे आणि स्वप्नील गुगळे एकत्र आले, आणि २ बाद ६३५ वर डाव घोषित झाला तेव्हाही दोघे नाबादच होते. भागीदारी ५९४ धावांची, गुगळे ३५१, बावणे २५८. ३१ धावा आणखी झाल्या असत्या तर संगकारा-जयवर्धने यांचा ६२४ चा विश्वविक्रम मोडला असता. बावणे-गुगळे यांनी मोडला तो रणजीतला विक्रम आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांचा आणि गुल महंमद यांचा. मार्च १९४७ मध्ये बडोद्याला होळकर संघाविरुद्ध, चक्क अंतिम सामन्यात, बडोदा ३ बाद ९१ असताना त्यांनी ५७७ धावा जोडल्या होत्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. एक डावखुरा, एक उजव्या हाताचा. दर एकेरी धावेला गोलंदाजाने दिशा बदलायची आणि सगळं क्षेत्ररक्षण पलटायचं.

बावणे-गुगळे यांच्या धावांत ९३ चं अंतर आहे, हे मला फार बोलकं वाटतं. वाटून घेणं म्हणजे तंतोतंत निम्मं नव्हे. तसा एका बाबतीत क्रिकेट सोपा खेळ आहे. एक धाव निघाली की समोर दुसरा येतो, वाटणी खेळच करून देतो. बास्केटबॉलमध्ये ती दर वेळी माणसाला करावी लागते, तीही २४ सेकंदांच्या आत आणि कठड्यावरचा आरडाओरडा कानावर पडत असताना.

त्या संध्याकाळी तिसऱ्या क्वार्टरमध्ये डावखुरीने सरांचं ऐकलं. दोघी अंगावर येताच तिने चेंडू कोपऱ्यात टाकला. कोपऱ्यातल्या मुलीने घाईघाईत मारला आणि चुकली. पोरांनी कपाळावर हात मारले. पुढच्या वेळी पुन्हा दोघी डावखुरीवर धावल्या आणि चेंडू पुन्हा कोपऱ्यात गेला. या वेळी त्या मुलीने आधी पाय नीट रोवले, मगच मारला. चेंडू जाळीतून खाली पडला. त्यानंतर कोपऱ्यात धावायला एकीला डावखुरीला सोडून जावं लागलं.