असुरक्षित प्रौढांसाठी स्वतंत्र कैवार सेवा : इंग्लंडमधील कायदा आणि भारतीय संदर्भ

प्रस्तावना

प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु स्मृतिभ्रंश, बौद्धिक अक्षमता, मेंदूची इजा किंवा तीव्र मानसिक आजार यांमुळे ज्यांना आपले म्हणणे मांडता येत नाही, त्यांच्याबाबत हे तत्त्व व्यवहारात कसे पाळावयाचे? त्यांच्याविषयीचे निर्णय बहुधा डॉक्टर, समाजकार्यकर्ते वा संस्थाचालक घेतात. नातेवाईक असल्यास त्यांचे मत विचारले जाते. मात्र ज्याला कोणीच नाही, त्याच्या बाजूने कोण बोलणार? या प्रश्नाला इंग्लंडमधील कायद्याने दिलेल्या उत्तराचे विवेचन प्रस्तुत लेखात केले असून, अखेरीस भारतीय कायद्यातील स्थितीचा विचार केला आहे.

संकल्पना

इंग्रजीतील ‘अ‍ॅडव्होकेट’ हा शब्द आपल्याकडे वकिलासाठी रूढ आहे. या सेवेचा अर्थ निराळा असल्याने येथे ‘कैवारी’ हा शब्द योजला आहे. कैवारी खटला चालवीत नाही, उपचार करीत नाही आणि निर्णयही घेत नाही. पालक हा व्यक्तीच्या वतीने निर्णय घेतो. कैवारी त्या व्यक्तीची इच्छा निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचवितो आणि तिच्या हक्कांवर लक्ष ठेवतो. व्यक्तीचे हित कशात आहे हे सांगणारे अनेक असतात. तिला काय हवे आहे हे विचारणारा क्वचितच असतो. कैवार सेवेची गरज नेमकी येथे निर्माण होते.

कायद्याची पार्श्वभूमी

१९९७ मध्ये स्वमग्नता असलेल्या व बोलू न शकणाऱ्या एका प्रौढ पुरुषाला इंग्लंडमधील बोर्नवूड रुग्णालयात ठेवण्यात आले. त्याने विरोध केला नाही, म्हणून कोणत्याही औपचारिक कायदेशीर प्रक्रियेची आवश्यकता मानली गेली नाही. ज्यांच्या घरी तो राहत होता त्या दांपत्याने त्याला परत मिळविण्यासाठी प्रयत्न केले. प्रकरण अखेर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये त्याच्या स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय लागला. विरोध न करणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यातून मिळणारा धडा होय. या माणसासाठी झगडणारे कोणीतरी होते. तसे कोणीही नसलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

इंग्लंड व वेल्ससाठी २००५ मध्ये झालेल्या मानसिक क्षमता कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली. उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णयक्षम मानावी आणि क्षमतेचा विचार विशिष्ट निर्णयापुरता करावा, अशी या कायद्याची भूमिका आहे. व्यक्ती निर्णयक्षम नसेल आणि पगारी सेवकांखेरीज सल्ल्यासाठी कोणीही योग्य माणूस नसेल, तर गंभीर वैद्यकीय उपचार, रुग्णालयात २८ दिवसांहून अधिक किंवा निवासी शुश्रूषागृहात आठ आठवड्यांहून अधिक काळ ठेवणे, अशा सार्वजनिक यंत्रणेच्या निर्णयांपूर्वी स्वतंत्र कैवारी नेमणे बंधनकारक असते. अत्यंत तातडीच्या प्रसंगांचा अपवाद आहे. ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. पुढे २०१४च्या काळजी कायद्याने तिचा विस्तार केला. माहिती समजणे, ती लक्षात ठेवणे, तिचा साधकबाधक विचार करणे किंवा आपले मत व्यक्त करणे, यांपैकी एकातही मोठी अडचण असेल आणि साहाय्यास योग्य व्यक्ती नसेल, तर स्थानिक प्रशासनाने कैवारी उपलब्ध करून द्यावा लागतो. स्कॉटलंडमधील २००३चा कायदा याहून व्यापक आहे. तेथे मानसिक विकार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला कैवार सेवेचा हक्क आहे.

कार्यपद्धती

स्मृतिभ्रंश झालेल्या एखाद्या वृद्धेला घरातून शुश्रूषागृहात हलवावयाचे आहे, असे समजू. कैवारी तिला एकांतात भेटतो, संबंधित नोंदी पाहतो आणि तिला ओळखणाऱ्यांकडून तिच्या सवयी, श्रद्धा व आवडीनिवडी जाणून घेतो. शब्द नसतील तेथे चित्रे, हावभाव आणि तिच्या प्रतिक्रिया यांचा आधार घेतला जातो. घरीच मदतनीस देता येईल काय, यासारखे पर्याय विचारले गेले की नाही, हे तो तपासतो. उपचाराचा प्रश्न असल्यास दुसऱ्या वैद्यकीय मताची मागणी करतो. त्याच्या लेखी अहवालाचा विचार निर्णय घेणाऱ्याला करावाच लागतो. तो मान्य करण्याचे बंधन मात्र नसते. निर्णय अयोग्य वाटल्यास कैवारी त्याला आव्हान देऊ शकतो.

स्वातंत्र्याचा प्रश्न

या सेवेचे मोल ‘स्वतंत्र’ या विशेषणात आहे. ज्या व्यक्तीची शुश्रूषा वा उपचार कोणी व्यावसायिक नात्याने करतो, तो तिचा कैवारी होऊ शकत नाही. तरीही एक अंतर्विरोध राहतोच. ही सेवा प्रायः स्वयंसेवी संस्थांमार्फत चालते आणि त्यांना निधी देते स्थानिक प्रशासन. अनेकदा प्रश्न विचारावयाचे असतात तेही त्याच प्रशासनाला. शिवाय ज्याला गरज आहे तो स्वतः मागणी करू शकत नाही. कर्मचाऱ्यांनी कळविले तरच कैवारी येतो. त्यामुळे हक्क कायद्यात असूनही प्रत्यक्षात न पोहोचण्याची शक्यता राहते.

भारतीय संदर्भ

भारतात १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा पालकत्वाची तरतूद करतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने परस्पर विचारविनिमयावर आधारलेले मर्यादित पालकत्व आणले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधीची व्यवस्था केली. कोणीच उपलब्ध नसल्यास समाजकल्याण विभागाच्या संचालकाची किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची नियुक्ती मंडळाने करावयाची असते. परंतु निराधारांच्या संस्था चालविणे वा त्यांना अनुदान देणे हेही शासनाचेच काम असल्याने, असा प्रतिनिधी स्वतंत्र कसा राहणार?

सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंडीगड प्रशासन या २००९च्या प्रकरणात हा प्रश्न ठळक झाला. शासकीय संस्थेतील एका अनाथ, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपात करावा, अशी मागणी प्रशासनाने केली होती आणि उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तिची इच्छा तज्ज्ञांच्या चौकशीमुळे न्यायालयासमोर आली. ती जाणून घेणारी स्थायी यंत्रणा मात्र नव्हती.

समारोप

पालक नेमल्याने निर्णय घेणारा मिळतो. व्यक्तीचे म्हणणे ऐकले जाईलच असे नाही. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील निराधार रुग्णांपासून, संस्थेशी आर्थिक वा प्रशासकीय संबंध नसलेल्या प्रशिक्षित कैवाऱ्यांचा प्रयोग सुरू करता येईल. विधी, समाजकार्य व मानसशास्त्र या विषयांच्या महाविद्यालयीन विभागांनी त्यासाठी एकत्रित अभ्यासक्रम आखल्यास त्याची पायाभरणी होऊ शकेल.