ओळख आणि ओळखपत्र

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. पण विंचवाला गॅसचे पुस्तक नसते, विजेचे मीटर लागत नाही आणि नळाला पाणी कोणत्या वारी येते याची विवंचना नसते. म्हणून त्याचे मला फारसे कौतुक वाटत नाही. आमचे बिऱ्हाड पाठीवर मावण्यासारखे नव्हते. ते एका ट्रकमध्ये कसेबसे बसले, आणि तरीही सर्वांत मोलाची वस्तू मागे पुण्यालाच राहिली. ती कोणती, हे कळायला मला दोन महिने लागले.

त्याचे असे झाले. आमच्या शिक्षणसंस्थेची महाविद्यालये चार-पाच जिल्ह्यांत पसरलेली आहेत. यंदाच्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माझी पुण्याहून मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी बदली झाली. गावाचे नाव सांगत नाही. अजून तिथेच राहायचे आहे, आणि मीटर नुकतेच बसले आहे!

घर चांगले होते. पुढे अंगण, मागे शेवग्याचे झाड. दोन वर्षे बंद होते एवढेच. ट्रक रिकामा होईतो दिवस मावळला. मी ऐटीत दिव्याचे बटण दाबले. काही झाले नाही. दुसरे दाबले, तिसरे दाबले. मग विजेरी घेऊन बाहेर गेलो, तर मीटरच्या जागी भिंतीला चार भोके आणि दोन तारा. हैदराबादेस राहणाऱ्या घरमालकांना फोन लावला. ते म्हणाले, "हो हो, बिल थकलं होतं म्हणून मीटर काढून नेलं. थकबाकी मी भरलीय. तुम्ही नुसते ऑफिसात जा, लगेच बसवून देतील."

'नुसते' आणि 'लगेच' या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. मराठीचा प्राध्यापक असून ठेवला.

सौ. मात्र अंधारात थर्मास उघडून बघत होती. माझी आई शहात्तर वर्षांची. तिला मधुमेह आहे आणि दोन्ही वेळा इन्सुलिन टोचावे लागते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. पुण्याहून त्या बर्फात घालून आणल्या होत्या, आणि बर्फाचे आता पाणी झाले होते. मराठवाड्यातला जून, पाऊस अजून यायचा होता, आणि आमचे शीतकपाट भिंतीला टेकून एखाद्या रिकाम्या फडताळासारखे उभे होते.

तेवढ्यात फाटक वाजले. शेजारच्या मावशी. "अंधारात काय करायलात, सर?" मी हकीगत सांगितली. त्यांनी थर्मास माझ्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. "आईंचं औषध आमच्या फ्रीजमध्ये राहू द्या. सकाळ-संध्याकाळ येऊन घेऊन जावा. दार उघडंच असतंय."

त्यांनी मला नाव विचारले नाही. गाव विचारले नाही. ओळखपत्र तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात गेलो. काउंटरवर खुर्च्या पाच आणि माणसे दोन. तासाभराने माझा नंबर आला.

"ग्राहक क्रमांक?"

"मीटरच नाही, म्हणून क्रमांक नाही. तो मिळावा म्हणूनच आलोय."

"जुनं मीटर कोणाच्या नावावर होतं?"

"घरमालकांच्या वडिलांच्या."

"त्यांची सही आणा."

"ते वारले."

"मग तसा दाखला आणा. आणि सगळ्या वारसांची ना हरकत. किती वारस आहेत?"

वारस चार. घरमालक आणि तीन बहिणी. त्यांतली एक सुरतेला, एक बेळगावला आणि तिसरी भावाशी बोलत नाही!

"बरं, तुमची ओळख?"

मी आधार कार्ड पुढे केले. गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिले. "हा पत्ता पुण्याचा आहे. इथला करून घ्या."

"त्याला काय लागतं?"

"विजेचं बिल जोडलं तरी चालतं," ते अगदी सहज म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टेचा लवलेशही नव्हता. दिवसभरात ते हे वाक्य वीस जणांना सांगत असतील, आणि त्यातले वर्तुळ त्यांना दिसेनासे झाले असेल. माझा भाडेकरार चालला असता, पण त्याची नोंदणी घरमालक आल्यावर व्हायची होती.

घरी येऊन तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असे एका गोड आवाजाने अकरा वेळा सांगितले. मोजायला मला वेळ होता. बाराव्या वेळी माणूस बोलला आणि म्हणाला, ग्राहक क्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. शेवटी मावशींच्या परवानगीने त्यांच्या मीटरचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी संदेश आला : 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' मावशींच्या घरी लाईट होतीच. खोटे काय म्हणणार?

वीस वर्षे मी मुलांना प्रयोग शिकवतो आहे. वाक्यात कर्ता शोधा, मग क्रियापद कोणाप्रमाणे चालते ते पाहा. 'निवारण करण्यात आले आहे', 'नोंद घेण्यात आली आहे', 'कार्यवाही करण्यात येईल' या वाक्यांत कर्ता कुठे आहे? कितीही शोधा, सापडायचा नाही. आणि त्या दिवसांत मला व्याकरणातला नव्हे, खराखुरा हाडामांसाचा कर्ता हवा होता. पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येणारा.

गॅसची तऱ्हा अशीच. पुण्याला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून, अनामत रक्कम घेऊन, रीतसर कागद आणला होता. इथल्या वितरकाने तो ठेवून घेतला आणि "कळवू" म्हणून सांगितले. सौ.ने दूरदृष्टीने विजेवरची शेगडी आणली होती. ती वीज आल्यावर चालणार होती! आम्ही डबा लावला. पाणी पाचव्या दिवशी येई, पण नेमके किती वाजता, हे कुठल्याच फलकावर नव्हते. ते गल्लीतल्या बायकांना तोंडपाठ होते. नळ सुरू झाला की मावशी आमच्या भिंतीवर दोन थापा मारीत, तेच आमचे वेळापत्रक. एकदा मी पाण्यावरून कुरकूर केली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी बहीण लातूरला असते, सर." मला पुढचे बोलवेना. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोचली होती. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. तेव्हा पुण्यात बसून मी ती बातमी चहाबरोबर वाचली होती.

असे बारा दिवस गेले. आई रोज सकाळी विचारी, "आज येणार ना रे वीज?" आणि मी रोज "हो" म्हणे. तेराव्या दिवशी तिची साखर वाढलेली निघाली. डब्याचे जेवण, रात्रीचा उकाडा, अपुरी झोप. डॉक्टरांनी कारणे सांगितली आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

महाविद्यालयाच्या कचेरीत आमचे भाऊसाहेब आहेत, निवृत्तीला आलेले अधीक्षक. त्यांनी माझी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, तुमचं चुकतं कुठं सांगू? तुम्ही बोलता फार. लिहीत काहीच नाही. अर्ज दिला का? पोच घेतली का?"

बारा दिवसांत मी एकही कागद दिला नव्हता!

मग त्यांनी सांगितले ते वाचकांनीही टिपून ठेवावे. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे ४३ वे कलम असे सांगते की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला, तर एका महिन्याच्या आत वीज द्यायची. कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक-हक्क नियमांनी ही मुदत कमी केली. २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्ज पूर्ण असल्यास महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी ती आहे. सरकारी कार्यालयांसाठी महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत असते, आणि नाही म्हणायचे तर कारण लेखी द्यावे लागते.

"पण सर, मुदत मोजायची कुठनं?" भाऊसाहेब म्हणाले, "पोचेवरच्या तारखेपासनं. तुमचे बारा दिवस कोण मोजणार?"

'भोगवटादार' हा शब्द मला फार आवडला. भोग म्हणजे उपभोग आणि भोग म्हणजे नशिबी आलेले सोसणे. मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत. मी त्या दोन्ही अर्थांनी त्या घराचा भोगवटादार होतो! भाऊसाहेबांनी अर्ज सांगितला, मी लिहिला. मालकांचे संमतिपत्र मागवले, भाडेकराराची नोंदणी उरकली, दोन प्रती केल्या. त्याच गृहस्थांनी तो अर्ज निमूटपणे घेतला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली. सहाव्या दिवशी वायरमन आला. मीटर बसवायला त्याला वीस मिनिटे लागली. दिवा लागला तेव्हा आईने हात जोडले. मी मात्र त्या वायरमनकडे पाहात राहिलो. वाक्याला कर्ता मिळाला होता.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीही नसती.

जुलैमध्ये मला प्रवेश समितीवर घेतले. एके दिवशी दुपारी टेबलापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे राहिले. वडिलांच्या हातात कागदांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. मी कागद पाहिले. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाची वेलांटी ऱ्हस्व, जातीच्या दाखल्यावर दीर्घ. मराठीचा प्राध्यापक! असली चूक माझ्या नजरेतून कशी सुटेल? मी म्हणालो, "नावात फरक आहे. प्रतिज्ञापत्र आणा. उद्या या."

वडील म्हणाले, "साहेब, हा तिसरा हेलपाटा. पोरीचं अर्धं तिकीट लागतंय, माझं पुरं." एस.टी.त २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे; त्या अर्ध्या तिकिटाचाही हिशेब त्या घरात होत होता. "पहिल्या बारीला फोटो नव्हता म्हणाले, दुसऱ्या बारीला साहेबच नव्हते. एकदाच काय ते सगळं सांगा की."

मी त्यांच्या पिशवीकडे पाहिले. अशीच पिशवी घेऊन मी काउंटरपुढे उभा होतो. आणि 'उद्या या' हे शब्द मी अगदी त्याच सुरात उच्चारले होते. सहज, थट्टेचा लवलेशही नसलेल्या सुरात.

मी त्यांना बसायला सांगितले. भाऊसाहेबांना विचारले. नियमात हमीपत्राची सोय होती, ठरावीक मुदतीत दुरुस्त कागद आणून देण्याच्या अटीवर. ती सोय पूर्वीपासून होती. विचारले नव्हते कोणीच. प्रवेश अर्ध्या तासात झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीबाहेर एक फलक लावला : लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी, कागद कमी असल्यास काय करायचे, आणि कोणाला भेटायचे त्याचे नाव. कर्त्यासकट!

पुण्याला काय मागे राहिले होते, ते मला त्या दुपारी उमगले. तिथे बावीस वर्षांत माझे कुठलेही काम अडले नाही, कारण वायरमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे ओळखीचे होते. 'सर, तुम्ही कशाला रांगेत?' असे कोणी म्हटले की मला बरे वाटे. ती माझी लोकप्रियता आहे, असे मी समजत होतो. पण मी पुढे गेलो तेव्हा रांगेत मागे कोण राहिले, हे कधी वळून पाहिले नाही. असेल कोणी तरी नुकताच बिऱ्हाड घेऊन आलेला, त्याचीही आई घरी वाट पाहात असेल. ज्याची ओळख आहे त्याला नियम लागत नाही. नियम, मुदत आणि पोच लागते ती ज्याला गावात कोणी ओळखत नाही त्याला.

गौरी-गणपतीच्या सुमारास आमच्या समोरच्या घरी नवे बिऱ्हाड आले. ट्रक उभा राहिला, सामान उतरू लागले. संध्याकाळी भिंतीवर मावशींच्या दोन थापा पडल्या. मी बादल्या लावल्या आणि समोर जाऊन दार वाजवले. "पाणी आलंय. पाच दिवसांनी येतं, पाऊण तास असतं. भरून घ्या."

मागून आई आली, हळूहळू, दाराच्या चौकटीला धरून.

"आणि त्यांना विचार रे," ती म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेवायचं काही आहे का?"