दृष्टिपटलाचा फोटो: यंत्राचे वाचन, तज्ज्ञांची नजर

मधुमेहामुळे दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना सूक्ष्म फुगवटे येतात, रक्त झिरपते, पिवळसर ठिपके साचतात. ही डायबेटिक रेटिनोपॅथी बराच काळ त्रास न देता वाढते. म्हणून दृष्टिपटल टिपणाऱ्या फंडस कॅमेऱ्याने फोटो काढून ती वेळीच शोधावी लागते. हे फोटो आता संगणकही वाचतो. त्याचे वाचन दोन आकड्यांवर जोखतात: संवेदनशीलता, म्हणजे शंभर रुग्णांपैकी कितींचा आजार पकडला; आणि विशिष्टता, म्हणजे शंभर निरोगी लोकांपैकी कितींना निरोगी ठरवले.

आदित्य ज्योत फाउंडेशनने २०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत अशी पारख केली. स्मार्टफोनवरच्या कॅमेऱ्याने घेतलेले २१३ जणांचे फोटो इंटरनेटविना चालणाऱ्या प्रणालीने वाचले. तेच फोटो नेत्रतज्ज्ञांनी यंत्राचा निकाल न पाहता तपासले. पुढच्या उपचारांसाठी पाठवण्याजोगा आजार ओळखण्यात संवेदनशीलता १०० टक्के, तर विशिष्टता ८८.४ टक्के आली. मात्र असे रुग्ण मोजकेच होते. त्यामुळे खरी संवेदनशीलता ७८.२ टक्क्यांइतकी कमी असू शकते, हे अहवालातल्या आकडेवारीवरूनच दिसते. सौम्य आजारही धरला, तर मोजलेली संवेदनशीलता १०० वरून ८५.२ टक्क्यांवर आली.

तज्ज्ञांचेही आपसांत नेहमी एकमत होत नाही. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथील ३,०४९ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन दृष्टिपटलतज्ज्ञांचा एकत्रित निर्णय प्रमाण मानला होता. त्याच्याशी ताडून पाहता फोटो वाचणाऱ्या माणसांची संवेदनशीलता ७३.४ ते ८९.८ टक्के भरली. त्याच अभ्यासात तपासलेल्या गुगलच्या संगणक प्रणालीची दोन ठिकाणी ८८.९ आणि ९२.१ टक्के. विशिष्टतेत माणसांची मजल ९८.७ टक्क्यांपर्यंत गेली, यंत्राची ९५.२ पर्यंत.

यंत्र कोणाच्या डोळ्यांवर शिकले, हेही महत्त्वाचे. नांदेडच्या नेत्रचिकित्सालयातील भारतीय रुग्णांच्या ५१६ फोटोंचा संच म्हणूनच मोलाचा ठरतो. त्यातील ८१ फोटोंवर आजाराच्या खुणा बिंदूबिंदूने आखल्या आहेत. २०१८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली.

म्हणून टक्केवारी वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात: प्रमाण कोणी ठरवले, आजारी किती होते आणि अस्पष्ट फोटो मोजणीत धरले का. पहिली चाळणी यंत्राने करावी. संशयित व अस्पष्ट फोटोंचा निर्णय तज्ज्ञानेच द्यावा.