रानांतील पाहुणचार

परांडा तालुक्यांतील सोनारीस भैरवनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या वाचकांस तेथील वानरें निराळीं सांगावयास नकोत. हातांतला प्रसाद त्यांनीं आधींच आपला मानलेला असतो. गांवांत याचें कौतुक होतें. परंतु तीच हौस घेऊन आपण रानांत शिरतों, तेव्हां गोष्ट पालटते. याच जिल्ह्यांतील येडशीचें रामलिंग घाटाचें रान १९९७ पासून अभयारण्य आहे. तेथें प्रेमानें टाकलेली पोळी वानरास पाल्याफळांपासून तोडून वाटेवर आणून बसविते, आणि उद्यां तेंच वानर एखाद्या मुलाच्या हातावर झडप घालतें.

चुलीचा प्रश्न याहून अवघड. वडील मंडळी बरोबर असली, कीं चहा हवाच! पण बालाघाटांतील हें रान पानझडीचें. चैत्रांत पायांखालीं वाळल्या पाल्याचा थर असतो, त्याला एक ठिणगी पुरे. अभयारण्यास धोका पोंचेल असा विस्तव पेटविण्यास १९७२ च्या कायद्याची मनाई आहेच. तेव्हां थर्मासमधला चहा आणि घरच्या दशम्या यांवरच भागवावें.

पाण्याची काटकसर मात्र करूं नये. तत्त्वापायीं मुलांना तहानेलें ठेवणारे उत्साही गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. शौचास ओढ्यापासून सत्तर-ऐंशी पावलें दूर जावें, खुरप्यानें वीतभर खड्डा खणावा व वर माती लोटावी. तान्ह्या मुलांचे डायपर पुरूं नयेत. पिशवींत घालून घरीं आणावे. ती पिशवी कोणीं धरावी, यावर आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.