विंडोजमध्ये चालणारा कीबोर्ड बूट मेनूत ‘मरतो’ का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी नेहमीचं मासिक अपडेट दिलं. क्रमांक केबी ५०६६८३५. ते टाकल्यावरही विंडोज सुरू असताना कीबोर्ड आणि माऊस व्यवस्थित चालत होते. पण ज्यांचा कॉम्प्युटर काही कारणाने बिघडून रिकव्हरीच्या स्क्रीनवर गेला, ते तिथेच अडकले. ‘दुरुस्त करा’, ‘मागच्या स्थितीत न्या’ असे सगळे पर्याय समोर दिसत होते, पण यूएसबीचा कीबोर्ड चालेना आणि माऊसही हलेना.

मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, केबी ५०७०७७३ हे तातडीचं दुरुस्ती अपडेट आलं. पण ज्याचा कॉम्प्युटर सुरूच होत नाही, तो अपडेट टाकणार कुठून? अशांसाठी कंपनीने जे मार्ग सुचवले, त्यातला एक म्हणजे जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड. टचस्क्रीन असेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरा किंवा यूएसबी रिकव्हरी ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा, हेही मार्ग होते.

यूएसबी बंद, पण १९८७ मध्ये आयबीएमने आणलेला पीएस/२ चालू, असं कसं?

एक कीबोर्ड, तीन मालक

कीबोर्ड ‘चालतो’ म्हणजे त्याची भाषा समजणारा एखादा प्रोग्राम त्या क्षणी चालू असतो. बटण दाबून कॉम्प्युटर सुरू केल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत हा प्रोग्राम बदलत जातो. सुरुवातीला मदरबोर्डच्या चिपमधलं फर्मवेअर काम करतं, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो (नव्या मशीनमध्ये त्याचं नाव यूईएफआय). बायोसची सेटिंग्ज आणि बूट मेनू त्याच्याच ताब्यात असतात. लिनक्ससोबत येणारा ग्रब मेनूसुद्धा सहसा फर्मवेअरच्याच भरवशावर बटणं ओळखतो. नंतर विंडोज येते, स्वतःचे ड्रायव्हर घेऊन. आणि विंडोज बिघडली तर येते रिकव्हरी. ही डिस्कच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेली छोटी विंडोजच असते, पण तिचे ड्रायव्हर वेगळे.

ऑक्टोबरमध्ये बिघाड झाला तो फक्त या छोट्या विंडोजमध्ये. कीबोर्ड ठणठणीत होता, फर्मवेअरही ठीक होतं. म्हणून तर रिकव्हरी ड्राइव्हचा मार्ग चालला.

त्यामुळे असा प्रसंग आला की नवा कीबोर्ड आणायला धावू नका. आधी तो नेमका कुठे अडतोय ते बघा. मशीन सुरू होताच, कंपनीचा लोगो दिसत असताना नम लॉक दाबून पाहा. दिवा चालू-बंद झाला तर बहुधा फर्मवेअरला कीबोर्ड दिसतोय. सुरुवातीला सगळे दिवे एकदाच लुकलुकतात, त्यावर जाऊ नका. त्यातून फक्त वीज पोहोचली एवढंच कळतं.

फर्मवेअरला दिसतच नसेल तर

पीएस/२ चा कारभार साधा आहे. बटण दाबलं की कीबोर्ड स्वतःहून कळवतो. यूएसबीचं तसं नाही. तिथे कॉम्प्युटरने आधी पोर्ट जागं करायचं, कोण जोडलंय ते विचारायचं आणि मग सतत ‘काही दाबलं का?’ असं विचारत राहायचं. यात वेळ जातो. म्हणून अनेक मदरबोर्डमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असेल तर फर्मवेअर हे काम सरळ टाळतं. दोन-चार सेकंद वाचतात आणि बूट मेनूत शिरायची वाट बंद होते. फारसा फायद्याचा सौदा नाही हा.

हे बंद करायचं तर बायोसमध्ये जावं लागतं, आणि तिथे जायला कीबोर्ड लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर ‘कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ असा संदेश यायचा, त्यातलाच हा प्रकार. मात्र विंडोज सुरू होत असेल तर सुटका आहे. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. मशीन थेट बायोसमध्ये उघडतं. तिथे ‘फास्ट बूट’ बंद करा. ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ असा पर्याय असेल तर तो चालू हवा. ही सोय यूएसबी कीबोर्डला जुन्या पीएस/२ सारखं भासवते, त्यामुळे जुने मेनूही त्याचं ऐकतात. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ ही वेगळी भानगड आहे. त्यात ‘शट डाऊन’ अर्धवटच होतं, म्हणून बूट मेनूसाठी ‘रीस्टार्ट’ केलेलं बरं.

त्याआधी केबल बदलून पाहायला काही जात नाही. कीबोर्ड हब किंवा मॉनिटरमधून न जोडता थेट मागच्या पोर्टला लावा. जुन्या मदरबोर्डवर निळ्या यूएसबी ३ पोर्टऐवजी काळं यूएसबी २ पोर्ट निवडा. ब्लूटूथ कीबोर्डची जोडणी सहसा विंडोज सुरू झाल्यावरच होते, त्यामुळे इथे त्याच्यावर विसंबू नका. छोटा यूएसबी रिसीव्हर असलेले वायरलेस कीबोर्ड बहुतेकदा चालतात.

महागडा गेमिंग कीबोर्ड अडतो आणि दुकानातला सर्वात स्वस्त कीबोर्ड चालतो, असंही होतं. फर्मवेअरला साधारणपणे यूएसबी कीबोर्डची एक साधी ‘बूट’ भाषा येते. त्यात एका वेळी आठ बाइट जातात आणि शिफ्ट, कंट्रोलसारखी बटणं सोडून जास्तीत जास्त सहा बटणं कळवता येतात. डझनभर बटणं एकदम ओळखणारे काही कीबोर्ड ही भाषा नीट बोलत नाहीत. म्हणूनच काहींवर ‘बायोस मोड’ची खास सोय दिलेली असते.

विंडोजही सुरू होत नाही आणि बायोसही उघडत नाही, तेव्हा डेस्कटॉपमध्ये शेवटचा उपाय उरतो. वीज पूर्ण काढून मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायची, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल. बिटलॉकर चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, पण ती फोनवरून आधी पाहून कागदावर उतरवून घ्या, मगच बॅटरीला हात लावा.

आणि कॉम्प्युटर आज धडधाकट असेल तर शिफ्ट धरून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. रिकव्हरीच्या स्क्रीनवर बाणाच्या बटणांनी पर्याय बदलताहेत का एवढंच पाहा आणि ‘कंटिन्यू’ निवडून परत या. बटणं चाललीच नाहीत तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, पुन्हा सुरू करा आणि विंडोज अपडेटमध्ये काही प्रलंबित आहे का ते तपासा.