पाणी जातं कुठं?

जुनी अ‍ॅम्बेसेडर बाळगणारा माणूस आठवड्याला रेडिएटरचं झाकण उघडतो, तांब्याभर पाणी ओततो आणि झाकण लावून मोकळा होतो. गाडी म्हातारी झाली, पाणी पिणारच, अशी त्याची समजूत असते. पण इंजिन पाणी पीत नाही. पंपातून निघालेलं पाणी ब्लॉक, हेड, रेडिएटर असं फिरून पुन्हा पंपापाशी येतं. त्यात वरचेवर भर घालावी लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती जागा हुडकून काढणं ही एक वेगळी कारागिरी आहे आणि लखनौमध्ये तिला अजून गिऱ्हाईक आहे.

त्याला कारणं आहेत. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी जितकी मुरली, तितकी राजधानीच्या लखनौत पांढरी अ‍ॅम्बेसेडर मुरली. विधान भवनासमोर आणि हजरतगंजात वर्षानुवर्षं तिच्याच रांगा. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द झाली, त्यामुळे सरकारी ताफ्यातल्या जुन्या गाड्यांचा प्रश्न निकालात निघाला. खासगी गाडीचं तसं नाही. दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची जी मर्यादा आली, तिच्या हद्दीत लखनौ येत नाही. तपासणी करून, शुल्क भरून नोंदणी वाढवून घेता येते. म्हणून इथे एखाद्या वकिलाच्या किंवा निवृत्त अधिकाऱ्याच्या फाटकाआड ती अजून उभी दिसते, आणि तिच्यासाठी उस्ताद म्हणवणारे मिस्त्रीही टिकून आहेत.

तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं कूळ इंग्लंडचं. १४८९ सीसीचं हे ओतीव लोखंडाचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतलं. १९५५ सालच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही हेच बसवलेलं होतं. तिकडे ते उघड्या टपाच्या गाडीत हौशी तरुणांनी पळवलं, इकडे ते मंत्र्यांच्या दारात ताटकळलं. पळवण्यापेक्षा ताटकळणं इंजिनाला जास्त जाचतं. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा जवळपास एक तृतीयांश भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो, आणि गाडी उभी असताना रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. मे-जूनमध्ये लखनौचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, लू वाहते, कैसरबागेच्या चौकात वाहनं खोळंबतात. सांध्यातली जी फट हिवाळाभर गप्प होती ती अशा वेळी उघडी पडते.

जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, झाकण बघतो. रेडिएटरचं झाकण हा खरं तर दोन झडपांचा नेमका जुळवलेला भाग आहे. एक झडप आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देते, दुसरी इंजिन निवताना बाहेरची हवा किंवा पाणी आत घेते. त्या काळातल्या गाड्यांवर साधारण ७ पौंडांची झाकणं असत. तेवढ्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी एकशे अकराच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बारीक नळीवाटे रस्त्यावर सांडतं. कुठेही गळती नसताना गाडी पाणी कमी करते. शंभर-दोनशे रुपयांच्या या झाकणापायी हेड उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत.

दुसरा चकवा मालक स्वतःच तयार करतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला जादा पाणी परत घेणारी बाटली नव्हती. रेडिएटर काठोकाठ भरला की तापल्यावर फुगलेलं पाणी बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा काठोकाठ भरतो, ते पुन्हा सांडतं. वरची टाकी थोडी रिकामी ठेवली की ही 'गळती' आपोआप थांबते.

हे दोन्ही निस्तरल्यावर खरा शोध सुरू होतो, आणि तो सकाळी, इंजिन गार असताना. तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच त्याची वाफ होते. मागे उरतो तो पांढरट, हिरवट किंवा तांबूस ओघळ. शिवाय पंखा पाणी मागे उडवतो, त्यामुळे रेडिएटर गळका असला तरी ओलं दिसतं इंजिन. म्हणून इंजिन आधी धुऊन कोरडं करायचं, गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा, संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरवायची आणि मग वरून खाली नव्हे, खालून वर बघत जायचं. सगळ्यात उंचावरची ओली जागा ती खरी.

होज पाइप दाबून बघतात. टोकाशी फुगलेला, लिबलिबीत झालेला पाइप क्लिप कितीही आवळली तरी धरत नाही. खालच्या होजची गंमत अशी की तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तिथली फट चालू इंजिनात पाणी बाहेर सोडण्याऐवजी हवा आत ओढू शकते. पंपाला गॅरेजात 'वॉटर बॉडी' म्हणतात. तिच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून ठिबकावं, हा त्यामागचा विचार. आणि आपल्याकडे काय करतात? त्याच भोकात एम-सील कोंबतात. महिन्याभरात बेअरिंग घरघरायला लागतं.

सगळ्यात छळतात त्या ब्लॉकच्या अंगावरच्या पत्र्याच्या वाट्या, म्हणजे कोअर प्लग. ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून आत वाळूचे गाभे ठेवतात. नंतर ती वाळू काढण्यासाठी भोकं लागतात, आणि ती या वाट्या ठोकून बंद करतात. त्या आतून गंजतात. बाहेरून रंग शाबूत, आत कागदाएवढा पत्रा. एखादी वाटी एक्झॉस्टच्या मागे असते, एखादी थेट फ्लायव्हीलच्या आड. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेलाऐवजी पाणी ठिबकू लागलं तर समजावं की दिवस लांबणार.

रेडिएटरची परीक्षा सोपी आणि डोळ्यांना पटणारी. तोंडं बंद करून हवा भरायची आणि पाण्याच्या हौदात बुडवायचा; सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. बुडबुडे जिथून येतील तिथे कथलाचा डाग. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असा डाग घेतात. नव्या गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचे घेत नाहीत, म्हणून डाग देणाऱ्यांचा धंदाही आटत चालला आहे.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हातपंप, वर घड्याळ, रेडिएटरच्या तोंडावर बसणारं बूच. झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरतो आहे आणि बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी आत जातं आहे. सिलिंडरमध्ये जात असेल तर धुराड्यातून पांढरी वाफ येते, कूलंट असेल तर गोडसर वास येतो, आणि एकच स्पार्क प्लग इतरांपेक्षा स्वच्छ धुतलेला निघतो. चालू इंजिनात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं हेही हेड पॅकिंग फुटल्याचं लक्षण. शंका उरली तर रेडिएटरच्या तोंडाची वाफ निळ्या द्रवातून सोडतात. त्यात जळका वायू असेल तर द्रव पिवळा पडतो.

पाणी तेलात उतरलं तर तेल दुधाळ होतं. हे ओळखण्याची एक युक्ती रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये रोजची आहे. आलमबागच्या शेडमुळे लखनौला डिझेल इंजिनांचं अप्रूप नाही. तिथे वंगणाचे काही थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकतात. पाणी असेल तर तडतड होते. गाडीच्या तेलाचीही हीच कसोटी घरी लागू पडते. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात घराजवळच फिरणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसला म्हणून घाबरू नये. ती बहुधा थंडीत साठलेली वाफ असते, लांबचा फेरा मारला की जाते. फेस डिपस्टिकवरही दिसला, तर मात्र हेड उतरवावंच लागतं. मग लेथवाल्याकडे फेसिंग, नवं पॅकिंग, आणि नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळणं.

या सगळ्या खटाटोपाला पर्याय म्हणून ट्रकवाल्यांनी हळद रूढ केली. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक गळती खरोखर थांबते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हळदीला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. आडरानात अडकलेल्याने गावापर्यंत पोचायला ती टाकावी. रोजच्या गाडीत टाकणं म्हणजे गळतीच्या बदल्यात तुंबणं विकत घेणं. थर्मोस्टॅटचा 'वॉल' काढून फेकण्याची सवयही त्याच पंथातली. इंजिन गार राहतं असं वाटतं, प्रत्यक्षात ते नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

माझ्या मते खरा दोष वयाचा नाही, नळाच्या पाण्याचा आहे. गंगेच्या मैदानातलं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार ब्लॉकच्या भिंतींवर थर धरतात, आणि गंज वाट्या खातो. "इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हा प्रश्न लखनौतही ऐकू येतो आणि नागपुरातही. निम्मं ग्लायकोल मिसळलेलं पाणी उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, याचा आपल्याला उपयोग शून्य. पण त्यातली गंजरोधक द्रव्यं आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांचा उपयोग रोजचा आहे.

तेव्हा जुनी गाडी असेल तर एकदा सगळं पाणी काढा, आतून धुऊन घ्या, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा आणि पातळी खुणेसह तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मिस्त्रीचा अर्धा शोध तीच वही करील. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि रस्त्यावरची कुत्री-मांजरं ते चाटून मरतात.